एक रुग्णालय, चार ट्रायल्स: स्वीडनच्या लुंड-माल्मोमधलं ताजं क्लिनिकल संशोधन समजून घेऊया

'एआयने डॉक्टरांना मागे टाकलं', 'हार्ट अटॅकनंतरची ही गोळी निरुपयोगी', 'आता रक्ताच्या एका थेंबातून कळणार अल्झायमर'. असे मेसेज घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी येतातच. खाली दोन-चार जणांचे अंगठे असतात, एखादे काका विचारतात, "मग मी गोळी बंद करू का?" आणि ग्रुपमधला इंजिनिअर म्हणून उत्तर द्यायची जबाबदारी आपल्यावर येते.

मजा म्हणजे वरच्या तिन्ही बातम्यांचा माग काढला तर तो एकाच ठिकाणी जाऊन पोहोचतो. ते ठिकाण म्हणजे स्वीडनच्या दक्षिण टोकाला असलेलं स्कोने विद्यापीठ रुग्णालय आणि त्याला जोडलेलं लुंड विद्यापीठ. म्हणून या लेखात एकेक बातमी सुटी न घेता या एकाच रुग्णालयाच्या परिसरात गेल्या काही वर्षांत रेडिओलॉजी, हृदयरोग, आयसीयू आणि मेंदूविकार अशा वेगवेगळ्या विभागांत काय संशोधन झालं, ते कसं केलं गेलं आणि त्यातून नेमकं काय सिद्ध झालं (आणि काय नाही) ते पाहू. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे भर 'कसं केलं' यावर जास्त असेल.

आधी थोडी ओळख

लुंड आणि माल्मो ही दोन शहरं एकमेकांपासून साधारण वीस किलोमीटरवर आहेत. दोन्हीकडे आपापलं विद्यापीठ रुग्णालय होतं. २०१० मध्ये ती एकत्र करून स्कोने विद्यापीठ रुग्णालय हे एकच नाव दिलं गेलं. लुंड विद्यापीठ त्याहून खूप जुनं, १६६६ सालचं.

आपण ज्याला सरसकट 'टूडी एको' म्हणतो, त्या इकोकार्डिओग्राफीचा जन्मही लुंडचाच. १९५३ मध्ये डॉक्टर इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेलमुथ हर्ट्झ यांनी धातूतल्या भेगा शोधायला वापरलं जाणारं अल्ट्रासाउंड यंत्र माणसाच्या छातीवर ठेवून पाहिलं. अशी यंत्रं तेव्हा जहाजबांधणीच्या कारखान्यात असायची, आणि माल्मोत तसा कारखाना होता. पुढे याच हर्ट्झने इंकजेट प्रिंटिंगवरही मूलभूत काम केलं. थोडक्यात, इंजिनिअर आणि डॉक्टर एका टेबलावर बसण्याची तिथे जुनी सवय आहे.

क्लिनिकल ट्रायल म्हणजे ए/बी टेस्ट, पण...

ॲप बनवणाऱ्यांना ए/बी टेस्टिंग माहीत असतं. अर्ध्या युजर्सना हिरवं बटण, अर्ध्यांना निळं, आणि कोण जास्त क्लिक करतं ते बघायचं. क्लिनिकल ट्रायलचा गाभा तोच आहे. रुग्णांचे दोन गट करायचे आणि कोण कुठल्या गटात जाईल ते डॉक्टरने किंवा रुग्णाने न ठरवता चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं. यालाच रँडमायझेशन म्हणतात.

चिठ्ठी का, तर डॉक्टरने निवडलं तर नकळत धडधाकट रुग्णांना एक औषध आणि नाजूक रुग्णांना दुसरं मिळतं. मग शेवटी दिसणारा फरक औषधाचा की रुग्णांचा, ते सांगता येत नाही. चिठ्ठीमुळे वय, बीपी, डायबेटिस, अगदी ज्या गोष्टी आपल्याला माहीतही नाहीत त्याही दोन्ही गटांत साधारण सारख्या वाटल्या जातात. मात्र त्यासाठी आकडा मोठा लागतो.

फरक इतकाच की बटणाच्या टेस्टमध्ये चुकलं तर रोलबॅक करता येतो. इथे करता येत नाही. म्हणून आधी लेखी संमती, नैतिकता समितीची परवानगी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'आम्ही काय मोजणार आहोत' हे सुरुवात करण्याआधीच जाहीर करून नोंदवायचं. निकाल बघून मग मोजमाप निवडलं, तर काहीही सिद्ध करता येतं.

१. मॅमोग्राम आणि एआय: मसाई ट्रायल

स्वीडनमध्ये ४० ते ७४ वयाच्या सगळ्या स्त्रियांना ठरावीक काळाने स्तनांच्या एक्स-रेसाठी, म्हणजे मॅमोग्रामसाठी बोलावलं जातं. प्रत्येक मॅमोग्राम दोन वेगवेगळे रेडिओलॉजिस्ट तपासतात. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक पुल रिक्वेस्टला दोन रिव्ह्यूअर. पद्धत चांगली आहे, पण रेडिओलॉजिस्ट कमी पडतात. शिवाय बहुतेक फोटोंमध्ये काहीच नसतं: हजार स्त्रियांमागे साधारण पाच जणींना कॅन्सर सापडतो. उरलेले ९९५ फोटो दोनदोनदा बघायचे.

लुंड विद्यापीठाच्या रेडिओलॉजिस्ट क्रिस्तीना लोंग यांच्या गटाने विचारलेला प्रश्न असा नव्हता की 'एआय डॉक्टरपेक्षा हुशार आहे का?' त्यांचा प्रश्न जास्त व्यवहारी होता: कुठल्या फोटोला दोन रिव्ह्यूअर लागतील आणि कुठल्याला एक पुरेल, हे एआयला ठरवू द्यायचं का?

मांडणी अशी होती. एप्रिल २०२१ ते डिसेंबर २०२२ या काळात तपासणीला आलेल्या एक लाखाहून जास्त स्त्रिया चिठ्ठीने दोन गटांत वाटल्या. एका गटात नेहमीप्रमाणे दोन रेडिओलॉजिस्ट. दुसऱ्या गटात ट्रान्सपारा नावाचं सॉफ्टवेअर आधी फोटो बघून १ ते १० असा धोक्याचा गुण देणार. गुण १ ते ९ आला तर एकच रेडिओलॉजिस्ट बघेल, १० आला तर दोघं. जास्त धोक्याच्या फोटोंवर संशयाची जागा खूण करून दाखवली जाई. लक्षात घ्या, एकही फोटो माणसाने न बघता सोडला नाही. हा मुद्दा बातम्यांच्या मथळ्यांतून नेहमी गळतो.

निकाल तीन हप्त्यांत आले, आणि हा क्रम समजून घेण्यासारखा आहे.

पहिला हप्ता ऑगस्ट २०२३ चा, 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त. तेव्हा ८०,०३३ स्त्रियांचा हिशोब झाला होता. जुन्या पद्धतीत ८३,२३१ वेळा फोटो वाचावे लागले, एआयच्या मदतीने ४६,३४५ वेळा. म्हणजे वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी कमी. कॅन्सर मात्र कमी सापडले नाहीत, उलट हजारी ५.१ च्या जागी ६.१ सापडले. आणि ज्यांना काही नसताना घाबरवून परत बोलावलं गेलं अशांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, दीड टक्का.

दुसरा हप्ता २०२५ च्या सुरुवातीला, सगळ्या १,०५,९३४ स्त्रियांचा. एआय गटात ३३८ कॅन्सर सापडले, नेहमीच्या गटात २६२. हजारी ६.४ विरुद्ध ५.०.

इथे बहुतेक लोक टाळ्या वाजवून थांबतील. पण जास्त कॅन्सर सापडणं ही आपोआप चांगली बातमी नसते. काही गाठी इतक्या सावकाश वाढतात की त्या स्त्रीला आयुष्यभर त्यांचा त्रास झालाच नसता. अशा गाठी शोधून त्यांच्यावर ऑपरेशन आणि रेडिएशन करणं म्हणजे मदत नाही, नुकसान आहे. एखाद्या लिंटरने जास्त वॉर्निंग दिल्या म्हणून कोड सुधारला असं होत नाही, तसंच हे. आकडे फोडून पाहिले तर आजूबाजूला पसरू शकणारे कॅन्सर २७० विरुद्ध २१७ होते, आणि दुधाच्या नलिकेतच थांबलेले, ज्यांचं पुढे काय होईल ते सांगणं अवघड असतं, असे ६८ विरुद्ध ४५. दोन्ही वाढले.

मग खरा निकष कोणता? 'इंटरव्हल कॅन्सर', म्हणजे तपासणीत 'काही नाही' असं सांगितलं आणि पुढच्या तपासणीच्या आधीच कॅन्सर उघड झाला असे रुग्ण. टेस्टिंगमधून सुटून प्रॉडक्शनमध्ये गेलेले बग समजा. हेच या ट्रायलचं आधीपासून जाहीर केलेलं मुख्य मोजमाप होतं. ते मोजायला दोन वर्षं थांबावंच लागतं, त्याला शॉर्टकट नाही.

तो तिसरा हप्ता जानेवारी २०२६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. एआय गटात इंटरव्हल कॅन्सर हजारी १.५५, नेहमीच्या गटात १.७६. बातम्यांनी याचं '१२ टक्के घट' असं भाषांतर केलं. गणित बरोबर आहे, पण दावा तितका मोठा नाही. प्रत्यक्ष संख्या ८२ आणि ९३. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, आणि संशोधकांनीही 'कमी झाले' असं सिद्ध केल्याचा दावा केला नाही. त्यांनी सिद्ध केलं ते 'नॉन-इन्फिरिऑरिटी': नवी पद्धत जुनीपेक्षा आधी ठरवलेल्या मर्यादेपलीकडे वाईट नाही. 'जास्त चांगली' आणि 'वाईट नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पण जवळपास अर्धं वाचन वाचवून 'वाईट नाही' म्हणता येणं, हीच मुळात या प्रयोगाची मागणी होती. मला तरी हा निकाल मथळ्यांपेक्षा जास्त भारी वाटतो.

मर्यादाही आहेत. एकच देश, एकच तपासणी कार्यक्रम, एकच एआय आणि एकाच प्रकारची एक्स-रे यंत्रं. वाचणारे रेडिओलॉजिस्टही अनुभवी. दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या लोकसंख्येत हेच आकडे येतील असं गृहीत धरता येत नाही. मॉडेल एका डेटावर चाललं म्हणून दुसऱ्यावर चालतं का, हे मशीन लर्निंगवाल्यांना वेगळं सांगायला नको.

२. हार्ट अटॅकनंतरची गोळी, आणि डेटाबेसमध्ये लपलेली ट्रायल

माझ्या मते या लेखातला सगळ्यात सुंदर इंजिनिअरिंगचा भाग हाच आहे.

मोठी ट्रायल महाग का असते? रुग्ण शोधायला माणसं, फॉर्म भरायला माणसं, मग वर्षानुवर्षं फोन करून 'तुम्ही बरे आहात ना' विचारायला माणसं. खर्च अफाट होतो, म्हणून बहुतेक मोठ्या ट्रायल्स औषध कंपन्या करतात. साहजिकच, ज्या जुन्या स्वस्त औषधाचं पेटंट कधीच संपलंय, त्यावर 'हे अजून लागतं का?' असं विचारायला कुणाला रस नसतो.

स्वीडनकडे स्वीडहार्ट नावाची राष्ट्रीय हृदयरोग नोंदवही आहे. चार वेगवेगळ्या नोंदवह्या जोडून ती २००९ मध्ये तयार झाली. हार्ट अटॅक येऊन दाखल झालेल्या रुग्णाची माहिती डॉक्टर आणि नर्स त्यात रोजच्या कामाचा भाग म्हणून भरतातच. आणि तिथे प्रत्येक नागरिकाला १९४७ पासून एक व्यक्तिगत क्रमांक असतो, जो रुग्णालयाच्या, औषधांच्या आणि मृत्यूच्या नोंदींना जोडतो. म्हणजे प्रायमरी की आधीच आहे, टेबलं आधीच भरलेली आहेत. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की याच फॉर्मवर रँडमायझेशनचं एक बटण बसवलं तर?

तेच केलं. डॉक्टर नेहमीचा फॉर्म भरतो, रुग्ण निकषात बसतो असं दिसलं तर त्याला विचारतो, संमती घेतो, बटण दाबतो आणि सिस्टीम गट सांगते. पुढचा पाठपुरावा बहुतांश जॉईन क्वेरीवर. २०१३ मधली टेस्ट ही ट्रायल याच पद्धतीची: हार्ट अटॅकमध्ये रक्ताची गुठळी आधी ओढून काढली तर फायदा होतो का, यासाठी ७,२४४ रुग्ण, आणि ट्रायलचा जादा खर्च सुमारे ३ लाख डॉलर. माणशी जेमतेम ५० डॉलर. उत्तर आलं: नेहमीच गुठळी ओढून मृत्यू कमी होत नाहीत. ती ट्रायल लुंडची नव्हती, स्वीडनमधल्या दुसऱ्या शहरातल्या गटाने नेतृत्व केलं होतं. पण रस्ता तिने तयार केला.

लुंडचे हृदयरोगतज्ज्ञ डेव्हिड एर्लिंगे यांच्या गटाने त्याच रस्त्याने पुढे दोन महत्त्वाचे प्रश्न विचारले. पहिला २०१७ मधला: अँजिओप्लास्टीच्या वेळी महागडं बिव्हॅलिरुडिन द्यावं की जुनं स्वस्त हेपॅरिन? ६,००६ रुग्णांनंतर दोघांत लक्षणीय फरक नाही.

दुसरा प्रश्न आपल्या काकांचा. हार्ट अटॅकनंतर बीटा ब्लॉकर देण्याची पद्धत १९८० च्या दशकातल्या ट्रायल्सवर उभी आहे. मेटोप्रोलॉल हे त्यातलं एक प्रमुख औषध, आणि तेही मूळचं स्वीडनचंच. पण त्या काळात स्टेंट नव्हते, स्टॅटिन नव्हतं, अटॅकमध्ये हृदयाचा स्नायू बराच मरायचा. आज अँजिओप्लास्टी तासा-दोन तासांत होते आणि अनेकांच्या हृदयाची पंपिंगची ताकद जवळपास शाबूत राहते. मग जुन्या सिस्टीमसाठी लिहिलेला पॅच नव्या सिस्टीममध्ये अजून हवाय का?

रिड्यूस-एएमआय या ट्रायलमध्ये सप्टेंबर २०१७ ते मे २०२३ या काळात ५,०२० रुग्ण घेतले. सगळ्यांचं इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे टूडी एकोच्या रिपोर्टवर 'ईएफ' लिहिलेलं असतं ते, ५० टक्के किंवा जास्त. अर्ध्यांना मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल, अर्ध्यांना काही नाही. साडेतीन वर्षांच्या आसपास पाठपुरावा. मृत्यू किंवा पुन्हा हार्ट अटॅक: गोळी घेणाऱ्यांत ७.९ टक्के, न घेणाऱ्यांत ८.३ टक्के. फरक नगण्य. एप्रिल २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि 'गोळी निरुपयोगी' हा मेसेज सुटला.

गोष्ट तिथे संपली नाही. २०२५ मध्ये स्पेन-इटलीच्या ८,५०५ रुग्णांच्या ट्रायलमध्येही फायदा दिसला नाही. पण नॉर्वे-डेन्मार्कच्या ५,५७४ रुग्णांच्या ट्रायलमध्ये थोडा दिसला. दोन्हीकडे ४० टक्क्यांपासून पुढचं ईएफ घेतलं होतं. मग वेगवेगळ्या ट्रायल्सचा कच्चा डेटा एकत्र करून पाहिला, तेव्हा चित्र बरंच स्पष्ट झालं: ईएफ ५० किंवा जास्त असेल तर फायदा दिसत नाही, ४० ते ४९ असेल तर दिसतो. ४० च्या खाली तर हे औषध लागतंच, त्यावर वाद नाही.

म्हणून काकांना उत्तर असं: स्वतःहून गोळी बंद करायची नाही. एक तर तुमचं ईएफ किती ते रिपोर्ट काढून बघा. दुसरं, हीच गोळी बीपी, छातीत धडधड, हार्ट फेल्युअर अशा दुसऱ्या कारणांसाठीही दिलेली असू शकते. तिसरं, बीटा ब्लॉकर अचानक थांबवला तर नाडी आणि बीपी उसळू शकतं, तो टप्प्याटप्प्याने कमी करावा लागतो. पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना विचारा, "मला ही अजून लागते का?" प्रश्न अगदी योग्य आहे. उत्तर मात्र फॉरवर्डमध्ये नसतं.

पद्धतीच्या कमकुवत बाजूही सांगायला हव्यात. इथे डमी गोळी नव्हती, त्यामुळे कोण काय घेतंय ते सगळ्यांना माहीत होतं. मधल्या काळात काही जणांनी गोळी सोडली, काहींना दुसऱ्या गटात असूनही सुरू करावी लागली. हिशोब तरीही चिठ्ठीने मिळालेल्या गटाप्रमाणेच करतात, नाहीतर चिठ्ठीचा उपयोगच उरत नाही. आणि नोंदवहीत मृत्यू पक्का दिसतो, पण 'गोळीने थकवा येतो' ही तक्रार तितकी नीट दिसत नाही.

३. हृदय थांबल्यावर शरीर थंड करणं

हा भाग थोडक्यात. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालं तरी मेंदूला इजा झालेली असते. २००२ मध्ये दोन छोट्या ट्रायल्सनी दाखवलं की अशा बेशुद्ध रुग्णाचं शरीर ३२ ते ३४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवलं तर जास्त जण नीट बरे होतात. जगभरच्या आयसीयूंनी कूलिंगची यंत्रं घेतली, नियमावल्या बदलल्या. त्या दोन ट्रायल्समधले रुग्ण मिळून ३५० च्या आसपास होते.

स्कोने भागातले निक्लास निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हा पाया कच्चा वाटला. २०१३ मध्ये त्यांनी ३३ आणि ३६ अंशांची तुलना केली, ९३९ रुग्ण, फरक नाही. मग २०२१ मध्ये टीटीएम-२: १४ देश, १,९०० रुग्ण, एका बाजूला ३३ अंश आणि दुसऱ्या बाजूला फक्त ताप येऊ द्यायचा नाही एवढंच. सहा महिन्यांनी मृत्यू ५० टक्के आणि ४८ टक्के. थंड केलेल्यांत रक्ताभिसरण बिघडवणारी हृदयाची लय जास्त आढळली, २४ टक्के विरुद्ध १७ टक्के.

आता विचार करा, जवळपास वीस वर्षं जगभर रुग्णांना थंड केलं जात होतं, आणि प्रत्येक आयसीयूत 'आमच्याकडे कूलिंगमुळे वाचलेला रुग्ण' असणारच. तो वाचला हे खरं, कूलिंगमुळे वाचला हे त्या एका रुग्णावरून कळत नाही.

४. अल्झायमरची रक्ततपासणी

विसरभोळेपणा वाढलेल्या माणसाला अल्झायमर आहे की दुसरं काही, हे आजवर खात्रीने सांगायला पाठीच्या कण्यातलं पाणी काढावं लागायचं किंवा महागडं पेट स्कॅन. साध्या दवाखान्यात हे शक्य नसल्याने डॉक्टर लक्षणं, चाचणीतले प्रश्न आणि सीटी स्कॅन यांवरून अंदाज बांधतात.

लुंडमधले ऑस्कर हान्सन आणि सेबास्तियन पाल्मक्विस्ट यांच्या गटाने रक्तातलं पी-टाऊ २१७ हे प्रथिन मोजण्यावर बरीच वर्षं काम केलंय. मेंदूत अल्झायमरचे बदल सुरू झाले की हे प्रथिन रक्तात वाढतं. जुलै २०२४ मध्ये 'जामा'त आलेल्या अभ्यासात स्मृतीच्या तक्रारी घेऊन आलेले १,२१३ रुग्ण होते. पी-टाऊ आणि अमायलॉइडची मोजमापं मिळून केलेली रक्ततपासणी साधारण ९१ टक्के वेळा बरोबर निघाली. त्याच रुग्णांवर नेहमीच्या पद्धतीने निदान करताना फॅमिली डॉक्टर ६१ टक्के वेळा आणि डिमेन्शियाचे तज्ज्ञ ७३ टक्के वेळा बरोबर होते.

या अभ्यासात चिठ्ठी नव्हती. हा उपचाराचा नव्हे, तपासणीच्या अचूकतेचा अभ्यास आहे. त्यामुळे 'रक्ततपासणीने रुग्णांचं भलं झालं' असा निष्कर्ष यातून निघत नाही, 'तपासणी बरोबर सांगते' एवढाच निघतो. दुसरी मेख जास्त महत्त्वाची. हे सगळे रुग्ण तक्रार घेऊन आलेले होते, म्हणजे त्यांच्यात आजाराचं प्रमाण आधीच जास्त होतं. समजा शंभरातल्या पन्नास जणांना खरंच आजार आहे आणि तपासणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे. मग पॉझिटिव्ह येतील ५०: त्यात ४५ खरे, ५ खोटे. आता हीच तपासणी कुठलीही तक्रार नसलेल्या शंभर जणांवर करा, ज्यात फक्त पाच जणांना आजार आहे. पॉझिटिव्ह येतील साधारण १४, त्यातले ९-१० खोटे. तपासणी तीच, किट तेच, पण निकालाचा अर्थ उलटा. म्हणून धडधाकट माणसाने 'एकदा करून घेऊ' म्हणून फुल बॉडी पॅकेजमध्ये ही तपासणी करून घेण्यात अर्थ नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा प्रकारच्या पहिल्या रक्ततपासणीला मंजुरी दिली, तीसुद्धा लक्षणं असलेल्या रुग्णांपुरतीच.

हे आपल्याकडे होईल का?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आताच. आभा क्रमांक आहे, रुग्णालयांची सॉफ्टवेअर जोडण्याचं काम चालू आहे, मग स्वीडहार्टसारखं बटण का नाही? अडचण सुरुवातीपेक्षा शेवटाकडे जास्त आहे. रुग्णाचं पुढे काय झालं ते कळलं तरच ट्रायलला अर्थ. भारतात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू २०२० च्या सरकारी अहवालाप्रमाणे साधारण २२.५ टक्के होते. जॉईन करायला दुसरं टेबलच अर्धवट भरलेलं असेल तर क्रमांक कितीही छान असून उपयोग नाही. ट्रायल्स आधी नोंदवण्याची व्यवस्था मात्र आहे: सीटीआरआय ही भारताची नोंदणी २००७ मध्ये सुरू झाली, २००९ पासून औषधांच्या ट्रायल्सना ती सक्तीची आहे, आणि कुणालाही ती ऑनलाइन फुकट शोधता येते. एखाद्या औषधाची बातमी वाचली की तिथे नाव टाकून बघा, मुख्य मोजमाप काय ठरवलं होतं ते लिहिलेलं असतं.

आणि मॅमोग्रामचं म्हणाल तर भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात स्तनाच्या तपासणीसाठी मॅमोग्राम नाहीच, प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याने हाताने केलेली तपासणी आहे. त्यामागचा एक मोठा आधार मुंबईचा आहे. टाटा मेमोरियलच्या गटाने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांना घेऊन ट्रायल सुरू केली. वस्त्यांचे वीस समूह चिठ्ठीने दोन बाजूंना वाटले. एका बाजूला दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी, दुसऱ्या बाजूला एकदा माहिती आणि मग फक्त पाठपुरावा. २०२१ मध्ये 'बीएमजे'त निकाल आले: तपासणीच्या बाजूला कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडले. मृत्यू एकंदरीत १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण तो फरक सांख्यिकीदृष्ट्या पक्का नव्हता. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मात्र जवळपास ३० टक्के घट दिसली, आणि ती पक्की होती. इथे ना व्यक्तिगत क्रमांक होता, ना जॉईन क्वेरी. वीस वर्षं आरोग्य कर्मचारी दर दोन वर्षांनी त्या वस्त्यांमध्ये घरोघरी जाऊन कोण कसं आहे ते वहीत लिहून आणत होत्या.